हॉलिसचे सव्वीस रविवार

हॉलिस गिलरेथने आपली पेडल स्टील, म्हणजे टेबलासारखी आडवी गिटार, पहिल्यांदा चर्चच्या दारात आणली, तेव्हा त्याच्या होणाऱ्या सासऱ्याने ती आत येऊ दिली नाही. "या टेबलाला बिअरचा वास येतो," असं तो म्हणाला. म्हातारा चर्चच्या पंचांपैकी एक होता. बिअरचा वास त्याने कुठे घेतला होता, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तसं म्हाताऱ्याचं अगदीच चूक नव्हतं. हॉलिस तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि शनिवारी हमरस्त्यावरच्या दारूच्या अड्ड्यांत वाजवायचा. म्हाताऱ्याच्या मुलीच्या, ओलेटाच्या नादाने तो चर्चला यायला लागला, ओढ्यात बाप्तिस्मा घेतला आणि पुढची दोन वर्षं स्टील ट्रकमध्ये ठेवून आत बाकावर बसून राहिला. माणूस एका बुडीत शुद्ध होतो, पण लाकडाच्या खोक्याला दोन वर्षं लागतात, असा आमच्या कार्डन्स गॅप गावाचा हिशेब. मग नवा पाद्री आला. त्याला स्टीलच्या सुरावर रडू यायचं, म्हणून ती रातोरात पवित्र झाली.

तिचं रूप म्हणाल तर इस्त्रीच्या टेबलासारखं. वर दहा तारा, खाली पायाला तीन पेडलं, गुडघ्यांना चार पट्ट्या. डाव्या हातात लोखंडी कांडी, उजव्या बोटांत तारा छेडायच्या नख्या. हातपाय सगळे कामाला, आणि चेहऱ्यावर त्यातलं काही दिसता कामा नये. हॉलिस पोटापाण्यासाठी मोज्यांच्या गिरणीत मशिनं दुरुस्त करायचा. मी त्याच गिरणीत मोज्यांच्या जोड्या लावायला होते, म्हणून मी त्याला मशिनीखाली आडवा पडून गुडघ्याने एक भाग दाबून धरत हाताने दुसरा आवळताना पाहिलंय. त्याचं वाजवणं तिथूनच आलंय असं माझं मत आहे. चर्चमधल्या लोकांचं मत होतं की ते थेट स्वर्गातून आलंय. स्वर्गावर ढकललं की ऐकायचे कष्ट वाचतात.

ऐकलं असतं तर कळलं असतं, की भजनाला साथ करणाऱ्या स्टीलवाल्याचं निम्मं काम न वाजवण्याचं असतं. गाणारा गातोय तोवर त्याच्या पायात यायचं नाही. तो श्वास घ्यायला थांबला की तेवढ्या फटीत शिरायचं, सुराच्या जरा खालून निघून मींडेने वर यायचं आणि त्याने पुढचा शब्द उचलायच्या आत बाजूला व्हायचं. बहुतेकांना हे जमत नाही, कारण बाजूला झाल्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. हॉलिस वाट बघायचा. दमेकरी गायला उभा राहिला तर त्याच्या दमाने, घाईवाली बाई असली तर तिच्या घाईने. सेहेचाळीस वर्षं त्याने हे केलं आणि इतकी वर्षं लोक त्याला एकच वाक्य म्हणत आले, की आज तुम्ही स्वर्ग खाली आणलात. स्वर्ग दर रविवारी खाली यायचा आणि जेवणाच्या वेळेआधी परत जायचा.

मी वर्लीन. चर्चच्या मागच्या भिंतीशी साउंडच्या मिक्सरवर मी बसायचे. ते काम मूळचं माझ्या नवऱ्याचं. क्लोविस गेला तेव्हा त्या बटणांतलं माझ्याशिवाय कुणाला काही कळत नव्हतं आणि पुरुषमंडळींना ते शिकायचा कंटाळा. म्हणून अकरा वर्षं मीच. कोण खरंच गातो आणि कोण नुसतं तोंड हलवतो, हे त्या खुर्चीतून जेवढं कळतं तेवढं पाद्र्यालाही कळत नाही. माणसांबद्दलचं माझं मत तिथेच बनलं, आणि ते चांगलं नाही.

यंदाच्या वसंतात रॉयस टिडमोरने तयार ट्रॅक आणले. रॉयस आमचा गाण्यांचा पुढारी. तो, त्याची बायको, मुलगी आणि जावई मिळून गाणारं टिडमोर कुटुंब. त्यांच्या बसवर चौघांचे चेहरे रंगवलेत, त्यात रॉयसचे दात चाकाएवढे आहेत. ट्रॅक म्हणजे बटण दाबलं की पियानो, बास, ढोल, स्टील सगळं आपोआप. शिवाय मागे आठ-दहा कसलेल्या गळ्यांची जाड गादी, टिडमोरांनी वर नुसतं लोळायचं. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी त्याने हॉलिसला स्टेजजवळ गाठलं. मी माइकच्या तारा गुंडाळत होते.

"ब्रदर हॉलिस, मनाला लावून घेऊ नका," रॉयस म्हणाला. "ट्रॅकमध्ये स्टील आहेच. दोन-दोन झाल्या तर गोंधळ होईल. पण लोकांना स्टेजवर तुम्ही दिसायला हवेत. तेव्हा तुम्ही बसा, वाजवा, फक्त सिस्टर वर्लीन मिक्सरवरची तुमच्या आवाजाची पट्टी खाली ठेवतील."

"म्हणजे ऐकू जाणार नाही," हॉलिस म्हणाला.

"दिसेल ना पण. आणि तुमचा तो स्पीकरचा डबाही हलवू या. स्टेज कसं मोकळं वाटेल."

"त्यापेक्षा यांचा फोटो टांगा," मी म्हटलं. "फोटोला दुपारचं जेवणही लागत नाही."

"सिस्टर वर्लीन, तुमचं आपलं काहीतरीच," रॉयस हसून म्हणाला. हसला की तो बसवरच्यासारखाच दिसतो.

हॉलिस 'बरं' म्हणाला. फक्त 'बरं'. बहात्तर वर्षांचा बाप्या, माझ्यापेक्षा हातभर उंच. बाहेर ट्रकपाशी मी त्याला धरलं.

"बरं काय बरं? तुला कपाटातल्या बाहुलीसारखं बसवतायत, आणि तू मान डोलवतोस?"

"ओलेटा रेडिओ लावून बसते, वर्लीन. जानेवारीत अर्धांगाचा झटका आल्यापासून तिला तेवढंच आहे. मी सोडून घरी बसलो तर तिला कारण सांगावं लागेल."

"आणि बसलास तर ती काय ऐकेल?"

"स्टील तर वाजेल ना. तिला वाटेल मीच आहे." मग त्याने ट्रकचं दार उघडलं. "तिला कळू देऊ नकोस, एवढंच कर."

आमची रविवारची उपासना अकरा वाजता डोंगरावरच्या छोट्या रेडिओ केंद्रावरून जाते. आजारी, म्हातारे आणि आळशी असे तीन गट ती ऐकतात. ओलेटा पहिल्या गटातली. मला हॉलिसची कीव यायला हवी होती, पण आली चीड. माणसाने इतकं मऊ असू नये की कुणीही बोट खुपसावं.

ईस्टरला चर्च भरलं होतं, वर्षभर तोंड न दाखवणारेही नवे बूट घालून आले होते. तिसऱ्या गाण्यात हॉलिसच्या बोटातली नखी उडाली आणि पेडलाखाली गेली. तो वाकला. डोकं टेबलाखाली, दोन्ही हात जमिनीवर, आणि स्टील आपली सुरूच, आर्त, गोड, एक सूर इकडेतिकडे नाही. समोर एकशेचाळीस माणसं बसलेली. एकाच्या कपाळावर आठी आली नाही. पाद्री डोळे मिटून डोलत होता. उपासना संपल्यावर तीन बायका डोळे टिपत हॉलिसकडे गेल्या. एक म्हणाली, "ब्रदर हॉलिस, ते तिसरं गाणं तर तुम्ही जन्मात इतकं सुंदर वाजवलं नसेल." हॉलिस म्हणाला, "देवाची कृपा." नखी अजून त्याच्या मुठीत होती.

पण उपासना संपायच्या आधी, चौथ्या गाण्याला, मी एक केलं होतं. मिक्सरवर प्रत्येक पट्टीशेजारी एक लहान बटण असतं. ते दाबलं की हॉलमध्ये बंद असलेली पट्टीही बसणाऱ्याला हेडफोनमध्ये एकटी ऐकू येते. मी हॉलिसच्या पट्टीचं, सात नंबरचं बटण दाबलं. मला खात्री होती, की हा नुसते हात हलवतोय, आणि त्याला तसं पकडायची मला हौस होती.

तो वाजवत होता. स्पीकर नाही, स्वतःचा आवाज ऐकायची सोय नाही, विजेविना नुसत्या तारांचा आवाज भांड्यावर नख मारल्याइतका. कांडी कुठे ठेवायची हे कानाने ठरवायचं असतं, आणि या माणसाला कानच दिला नव्हता. तरी सूर जिथल्या तिथे. रॉयस दुसऱ्या ओळीला दम खायला थांबला, ट्रॅकवरचा स्टीलवाला त्याच्या अंगावरून बेधडक निघून गेला, आणि हॉलिस थांबला. मग खालून हळूच वर आला आणि रॉयसने तोंड उघडायच्या आत बाजूला झाला. ज्याला त्याची गरज नव्हती, त्याच्यासाठी वाट करून देत होता. माझं बोट त्या बटणावरून निघेना. मला त्याचाही राग आला.

त्यानंतर दर रविवारी मी सात नंबर दाबून बसले. पाद्र्याचं प्रवचन मला आठवत नाही, आणि त्याने माझं काही बिघडलंही नाही. उन्हाळा सरला. लोक हॉलिसला ट्रॅकबद्दल शाबासकी देत राहिले, तो देवाला श्रेय देत राहिला, आणि मी मागच्या भिंतीशी बसून मनात सगळ्यांना बहिरे म्हणत राहिले.

सप्टेंबरात मी ओलेटाकडे भाजलेलं चिकन आणि मक्याचा पाव घेऊन गेले. हॉलिस बाहेर गवत कापत होता. तिची डावी बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती, पण नजर बापाची होती.

"वर्लीन, रविवारी हल्ली कोण वाजवतं गं?"

"कोण म्हणजे? हॉलिस."

"खोटं बोललीस की तुझं तोंड वाकडं होतं. माझं तर दुखण्याने झालंय." तिने उजव्या हाताने रेडिओकडे बोट केलं. "तो माणूस रॉयसच्या श्वासावर पाय देतो. सेहेचाळीस वर्षं ऐकतेय मी. हॉलिस असं करायचा नाही."

मी मक्याचा पाव कापायला घेतला.

"त्याचे हात गेले का?" तिने विचारलं. "मला सांगत नाही. येतो आणि विचारतो, ऐकलंस का. मी म्हणते, ऐकलं, छान झालं. हात गेले असतील तर सांग मला. मी रडणार नाही."

म्हणजे ईस्टरपासून त्या घरात दोघं एकमेकांना सांभाळत रोज खोटं बोलत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. ट्रॅक, बंद पट्टी, नखी, सगळं. हॉलिसचं सांगणं मोडलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

"हात गेले नाहीत?" तिने पुन्हा विचारलं.

"आहेत. नीट आहेत."

तिने उजव्या हाताने माझं मनगट धरलं. मग म्हणाली, "दुसरा झटका येईल म्हणालेत डॉक्टर. त्याच्याआधी मला एकदा ऐकव. कसं ते तू बघ."

ऑक्टोबरचा पहिला रविवार आमचा गावी परतण्याचा सण. गाव सोडून गेलेले त्या दिवशी मोठ्या गाड्या घेऊन येतात, आणि गाणी झाली की झाडांखाली लांब टेबलं लावून जेवण होतं. टिडमोर कुटुंबाने एकसारखे जांभळे कपडे शिवले होते.

मिक्सरमधून हॉलकडे जाणारा आवाज वेगळा आणि रेडिओकडे जाणारा वेगळा. दोन्हीकडे एकच पाठवायचं असा नियम कुठेही लिहिलेला नाही, फक्त आजवर कुणी वेगळं केलं नव्हतं. पहिलं गाणं सुरू झालं तसं हॉलमध्ये मी काही हलवलं नाही. रेडिओकडे जाणारा ट्रॅक मात्र पूर्ण बंद केला आणि सात नंबर वर नेला.

हेडफोनमध्ये टिडमोर कुटुंब उघडं पडलं. गादी काढून घेतल्यावर कळलं, की रॉयस प्रत्येक लांब सुराला खाली घसरतो, जावई स्वतःच्याच कुठल्यातरी चालीत गातो, आणि बायको, देव तिचं भलं करो, मुळी गातच नाही. पाच तालुक्यांतले आजारी, म्हातारे आणि आळशी ते ऐकत होते. आणि त्याच्याखाली होती ती स्टील. रॉयस घसरला की ती त्याच्या खालून यायची, त्याला हात द्यायची आणि तो सावरला की निघून जायची. रॉयसला हे कधीच कळलं नसतं. हॉलिसला कळत होतं, तरी तो दर रविवारी हेच करत आला होता. चार गाणी झाली. हॉलमध्ये लोक ट्रॅकवर रडत होते. मीही रडत होते, पण मागच्या भिंतीशी कुणी बघत नाही.

शेवटच्या प्रार्थनेनंतर पाचच मिनिटांत रॉयस माझ्यासमोर आला. कानाशी फोन, चेहरा कपड्यांच्या रंगाचा. वृद्धाश्रमातून त्याची आई बोलत होती. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "रॉयस, आज तुमच्याऐवजी कोण गात होतं रे? त्यांना डॉक्टरला घसा दाखवून या म्हणावं. ती गिटार तेवढी बरी होती."

रॉयसने फोन बंद केला. "सिस्टर वर्लीन, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो."

"का?"

"तुमच्या आईला खरं ऐकायचा हक्क आहे म्हणून."

"पुढच्या रविवारपासून मिक्सर माझा जावई बघेल," तो म्हणाला.

"त्याला सूर तरी सापडेल का एखादा?" असं म्हणून मी हेडफोन काढले. अकरा वर्षांची खुर्ची अशी गेली. आजही मी म्हणते की स्वस्तात गेली.

झाडाखालच्या टेबलावरून दोन ताटं भरून घेतली आणि मी गिलरेथांकडे गेले. हॉलिस जेवायला न थांबता माझ्याआधी घरी पोचला होता आणि टायही न सोडता ओलेटाला पाणी देत होता. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

"ऐकलंस का?" त्याने सवयीने विचारलं.

"ऐकलं," ओलेटा म्हणाली. "दुसऱ्या गाण्यात घाई केलीस. रॉयसचा दम पुरा झाला नव्हता."

हॉलिसच्या हातातला पेला तसाच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो मऊ आहे, मंद नाही.

"आज?" त्याने विचारलं.

"आज. ईस्टरपासून पहिल्यांदा," ओलेटा म्हणाली.

म्हणजे आधीच्या सगळ्या रविवारी रेडिओवर तो नव्हता हे तिला माहीत होतं, हे त्याला तेव्हा कळलं. तो खुर्चीत बसला. पेला गुडघ्यावर ठेवून दोन्ही हातांनी धरून राहिला. मान वर न करता त्याने मला विचारलं, "आणि बाकीचं? ते कुठे जात होतं?"

"माझ्या हेडफोनमध्ये."

"किती वेळा?"

"सगळ्या रविवारी. सव्वीस."

"तू ऐकत होतीस," हॉलिस म्हणाला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मला वाटायचं मी भिंतीला वाजवून दाखवतोय. स्वतःलाही ऐकू येत नाही तिथे. घरी येताना ट्रकमध्ये वाटायचं, हात चालतात की नाही कुणास ठाऊक. वर्लीन, तू एकदा तरी सांगायचंस ना."

तोंडाशी आलं होतं की मी कुणाची स्तुती करत नाही, तो माझा स्वभावच नाही. ते ओठांतच मेलं. ट्रॅक आणि माणूस यांतला फरक न कळणाऱ्यांना मी सहा महिने बहिरे म्हणत होते, आणि ज्या एका बाईला सगळं ऐकू येत होतं तिने स्टेजपर्यंतची चाळीस पावलं चालायचे कष्ट घेतले नव्हते. त्या चर्चमध्ये मला सगळ्यांची लाज वाटायची. त्या दुपारी माझी वाटली.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

मग ताटं टेबलावर ठेवली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "ईस्टरच्या रविवारी चौथं गाणं तू असं वाजवलंस की माझं बोट बटणावरून निघेना," मी सांगायला लागले. "त्याच्या पुढच्या रविवारी भिकार वाजवलंस. पहिल्या गाण्यात कांडी केसभर वर होती आणि तुला ते शेवटपर्यंत कळलं नाही."

"मला संशय होता," हॉलिस म्हणाला.

"तिसऱ्या रविवारी एक बाई गायला आली होती, ती मधेच ओळ विसरली. ट्रॅक तिला टाकून पुढे गेला. तू तिथेच फिरत राहिलास, ती परत येईपर्यंत."

ओलेटाने उजव्या हाताने खुर्चीची मूठ घट्ट धरली. "सावकाश सांग," ती मला म्हणाली. "एकही रविवार गाळू नकोस."